छायाचित्राखाली कारागिराचं नाव छापा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतलं हस्तकलेचं पान मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि कापून ठेवलं. कागदाला आणि मातीला वृत्तपत्रात एवढी जागा क्वचित मिळते, म्हणून आधी मनापासून आभार. पण त्या पानावरची एक गोष्ट मला फार लागली. तेवढ्यासाठी हे पत्र.

पानाच्या डावीकडे जपानच्या अकिरा योशिझावा यांच्या ओरिगामीचं छायाचित्र आहे. खाली त्यांचं पूर्ण नाव, १९११ ते २००५ ही सालं, आणि कागद किंचित ओलसर करून त्याला मातीसारखा गोलावा देण्याची रीत त्यांनी घडवली, ही माहिती. असंच असायला हवं. उजवीकडे, त्याहून मोठ्या आकारात, आमच्या लालबागमधलं गेल्या वर्षीचं एक मखर आहे. त्याखाली मंडळाचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, दर्शनाला आलेल्या अभिनेत्रीचं आहे, आणि शेवटी 'पर्यावरणपूरक सजावट' असं लिहिलं आहे. ते मखर कोणी केलं, याचा एका अक्षराने उल्लेख नाही.

ज्यांनी केलं त्यांना मी ओळखते. ते आमच्याच चाळीत, खालच्या मजल्यावर राहतात. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, या शेजाऱ्यांचेही वडील तिथेच. १९८२ च्या संपानंतर त्यांच्या घरात सजावटीचं काम आलं. आधी लग्नाची स्टेजं, मग थर्माकोलची मखरं. तापलेल्या तारेने थर्माकोल कापण्यात त्यांचा हात असा बसला होता की कमळाची पाकळी एका झोकात निघायची. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली. गणपतीपुरती तरी सूट द्या म्हणून थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले, तिथेही नकार मिळाला. बंदी योग्यच होती, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. विसर्जनानंतर चौपाटीवर येणारा तो पांढरा चुरा आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पण ज्या माणसाची सगळी कारागिरी एका पदार्थात मुरलेली असते, त्याला तो पदार्थ सोडून उतारवयात दुसरा शिकावा लागतो तेव्हा काय होतं, हे मी जवळून पाहिलं. 'पर्यावरणपूरक' या शब्दामागे त्यांची ही सगळी वर्षं आहेत.

थर्माकोल जाड असतो, हलका असतो, कोरला की उठाव आपोआप मिळतो. कागदाला जाडी नसते. त्याला उठाव द्यायचा तर घडीतूनच द्यावा लागतो. साधं कार्डशीट उभं करून बघा, लगेच वाकतं. त्याच कार्डशीटला बोटभर अंतरावर उलटसुलट चुण्या घाला आणि गोल वळवा, की त्याचा खांब होतो आणि वर महिरपीचं ओझं घेऊन पंधरा दिवस उभा राहतो. घडी घालण्याआधी माझे हे शेजारी शाई संपलेल्या बॉलपेनने, पट्टी धरून, रेघ दाबून घेतात. कटरने रेघ मारली तर पृष्ठभाग चिरतो आणि दुसऱ्या दिवशी घडीतून पांढरं पोट दिसायला लागतं. कागदाला तंतूंची दिशा असते. त्या दिशेने घडी सरळ बसते, आडवी घातली की कडा फुटतात. म्हणून ताव हातात आला की ते आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहतात, कोणत्या बाजूने तो सहज नमतो ते. मग पेन्सिलीने कोपऱ्यात बाण काढतात. खाली, मूर्तीच्या वजनाखाली, करोगेटेड पुठ्ठा येतो, आणि त्याच्या नळ्या उभ्याच ठेवाव्या लागतात. आडव्या ठेवल्या तर शाडूच्या मूर्तीच्या भाराने पाट एका रात्रीत बसतो.

आणि हे सगळं आषाढ-श्रावणात, मुंबईच्या हवेत! चिकटवलेलं सुकत नाही, कापलेलं फुगतं, सपाट ठेवलेला ताव सकाळी होडीसारखा वळलेला असतो. त्यांच्या खोलीत त्या दिवसांत माणसांसाठी पंखा नसतो, तो कागदाकडे तोंड करून ठेवलेला असतो. घरातली मंडळी चटईवर झोपतात आणि कॉटवर पाकळ्या सुकतात. गेल्या वर्षीच्या त्या मखरात, आपल्या छायाचित्रात वरच्या बाजूला जे कमळ दिसतं, त्याच्या पाकळ्यांची एकही कड सरळ कापलेली नाही. प्रत्येक पाकळी वळणावर दाबून खोलगट केली आहे. त्यामुळे उजेड बाजूने पडला की आतल्या कडेला सावली धरते आणि पांढऱ्याशुभ्र कागदात तीन-चार छटा दिसतात. रंगाचा एक ठिपका त्यात नाही. छायाचित्रात ते कमळ इतकं सुंदर आलं आहे त्याचं श्रेय आपल्या छायाचित्रकाराला आहेच (त्यांचं नाव कोपऱ्यात छापलेलं आहे, आणि ते मला आवडलं), पण ती सावली जिथे पडली ती जागा कोणीतरी विचारपूर्वक घडवली होती.

मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. वर्गात माझा एक नियम होता. काम कसंही झालेलं असो, मागच्या बाजूला खाली उजवीकडे स्वतःचं नाव लिहायचं. काही मुलं लाजायची, 'बाई, नीट नाही झालं' म्हणायची. तरी लिहायचं. नाव लिहिलं की पुढच्या वेळी ते मूल हात आखडता घेत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. नाव लिहायला लावलेल्या मुलांपैकी काही आज परळ-लालबागच्या मूर्तिशाळांत आखणीचं, डोळ्यांचं काम करतात. त्यांच्या कामाखाली आता कोणी नाव लिहू देत नाही.

या शहराची ही जुनी सवय आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पुरं झालं. घुमटावरचा प्रगतीचा पुतळा टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराचा, हे मार्गदर्शक पुस्तकांतून मिळतं. पण त्याच इमारतीवरची पानं-फुलं, पक्षी, जाळ्या, कमानीतली नक्षी, ज्यांच्याखालून आपण रोज लोकल पकडायला धावतो, ती घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. त्यांची ओळख 'विद्यार्थी' एवढीच राहिली. मी मुलांना तिथे न्यायची तेव्हा ती हमखास विचारायची, 'बाई, हा मोर कोणी केला?' लहान मुलांना हा प्रश्न आपोआप पडतो. मोठ्यांना का पडत नाही, कळत नाही.

पुढे चालत राजाबाई टॉवरपाशी गेलं की जरा समाधान वाटतं. १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या मनोऱ्याचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा, हे सर्वांना माहीत असतं. पण वरच्या अंगाला पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या ज्या मूर्ती आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने घडवले. हे आपल्याला आज माहीत आहे ते केवळ त्या काळच्या प्रवासी-पुस्तकात कोणीतरी एक ओळ लिहून ठेवली म्हणून. एक ओळ! मी आपल्याकडे तेवढीच मागते आहे.

नाव नोंदलं गेलं की काय होतं, याचं उदाहरण जे. जे. मध्येच आहे. गणपतराव काशिनाथ म्हात्रे तिथे विद्यार्थी होते, विशीच्या आसपासचे. १८९६ च्या सुमारास त्यांनी प्लॅस्टरमध्ये 'मंदिरपथगामिनी' केली. पूजेला निघालेली, नऊवारी नेसलेली तरुण मुलगी. ते शिल्प प्रदर्शनात नावासह लागलं, त्यावर लिहिलं गेलं, बोललं गेलं, आणि विद्यार्थीदशेतला तो मुलगा शिल्पकार म्हात्रे झाला. पुढे देशभरातून कामं आली. अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांची गोष्ट तर मला मुलांना सांगताना दर वेळी गहिवरून यायचं. गावच्या देवळाच्या भिंतीवर या पोराने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांच्या ते नजरेस पडलं. त्यांनी 'छान आहे' म्हणून पुढे न जाता, हे कोणी काढलं असं विचारलं, मुलाला शोधलं आणि जे. जे. त धाडलं. पुढे त्याच हातांनी पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवला. सासवण्याला त्यांच्या घरी आजही त्यांची शिल्पं पाहता येतात. सिमेंटमधली म्हैस आहे, कोळीण आहे. मांडव्याच्या बोटीने जाणाऱ्या आपल्या वाचकांनी किनारा बघून परतण्याआधी तिथे जरूर जावं.

कारागिराचं नाव लिहिण्याला दोन आक्षेप घेतले जातात, ते मी ऐकले आहेत. पहिला खुद्द कारागिरांचाच असतो. 'बाई, देवाच्या कामात आपलं नाव कशाला?' हा विनय खरा आहे आणि मी त्याला हात जोडते. पण देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं, पायरीवर असतं, बाकावर असतं, आणि त्याने देवाचं काही उणं होत नाही. शिवाय कारागिराने नाव घालू नये, अशी आपली परंपरा आहे हेही खरं नाही. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक यक्ष सापडला. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर भांडं धरून मनमोकळं हसणारा. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरलं आहे की हा कण्हदास नावाच्या सोनाराने केला. दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. कार्ल्याच्या लेण्यात दरवाजाचं काम धेनुकाकट या गावच्या सामी नावाच्या सुताराचं, असा लेख आहे. एकवीरेला जाणारे असंख्य मुंबईकर त्या दरवाजाशेजारून जातात. सह्याद्रीत डोंगर खोदणाऱ्यांना जे जमलं ते आपल्याला छापखान्यात जमू नये?

दुसरा आक्षेप मंडळांचा. एका मखरामागे दहा हात असतात, कोणाकोणाचं नाव घ्यायचं? खरं आहे, दहा हात असतात. आखणी एकाची, कापणी दुसऱ्याची, आणि चिकटवायचं काम शेजारच्या बायका दुपारी घरी नेऊन नगावर करतात. मग दहा नावं लिहा. चित्रपटाच्या शेवटी चहा देणाऱ्याचं नाव येतं आणि आपण ते योग्य मानतो. जागा नसेल तर आखणी करणाऱ्याचं आणि 'सहकारी' म्हणून तिघांचं तरी येऊ शकतं.

यात नुसता मान नाही, पोट आहे. गेल्या वर्षीच्या त्या कमळाची नक्कल यंदा लेझरने कापून, सपाट पाकळ्यांची, बाजारात आली आहे. अब्दुल रहमान स्ट्रीटवर एका दुकानात मी ती पाहिली. खोलगटपणा नाही, सावली नाही, पण आकार तोच. मूळ माणूस भांडू शकत नाही, कारण ते त्याचं आहे असं कुठेच छापलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र-शिल्पांबरोबर कलात्मक कारागिरीच्या कामांचाही समावेश आहे, आणि कलम ५७ नुसार आपलं काम आपलं म्हणून सांगण्याचा कर्त्याचा हक्क, काम विकल्यानंतरही, त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात केलेलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते सरकारविरुद्ध लढले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सहगल लढू शकले, कारण त्या भिंतीवरचं काम कोणाचं याबद्दल कोणालाच शंका नव्हती. माझ्या शेजाऱ्यांकडे पुरावा म्हणून आपल्या पुरवणीचं कात्रण आहे आणि त्यात अभिनेत्रीचं नाव आहे.

गणपतीनंतर दिवाळी येईल, आणि माहीमच्या कंदील गल्लीची छायाचित्रं दरवर्षीप्रमाणे येतील, 'कंदिलांनी उजळली गल्ली' अशा ओळीसह. त्याआधी कोणीतरी तिथे बसून एक कंदील होताना पाहावा, अशी माझी विनंती आहे. साध्या चौकोनी कंदिलाला सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या लागतात. चार कामट्यांचा एक, असे चार चौकोन टोकावर उभे करायचे, शेजारचे कोपरे दोऱ्याने बांधायचे, मग वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडायची, खालची चार चारांनी. एकही कोन मोजावा लागत नाही. कामट्या सारख्या असल्या की सहा चौकोन आणि आठ त्रिकोण आपसूक जुळून येतात. भूमितीत हा आकार आर्किमिडीजच्या तेरा घनाकृतींत मोजला जातो. माझ्या वडिलांना ते नाव माहीत नव्हतं, पण गिरणीतून आल्यावर ते चाळीचा कंदील अंधुक दिव्यात हाताच्या अंदाजाने बांधायचे. मैद्याची खळ आई करायची, झुरळांनी आणि कसरीने कागद खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायची. तीच आई मेथ्या आणि भिजवलेली रद्दी वाटून लगदा करायची आणि परातीवर थापून टोपल्या काढायची. त्यांतल्या एका टोपलीत माझे ब्रश आजही आहेत. कंदिलावरच्या कागदी करंज्यांच्या चुण्या, झिरमिळ्यांची कातर, बटर पेपरवर पतंगी कागदाची नक्षी, हे सगळं ज्या बायका आज माहीममध्ये करतात त्यांतल्या कोणाची चुणी बारीक, कोणाची कातर लांब, हे तिथल्या दुकानदाराला बरोबर ठाऊक असतं. त्याला विचारलं तर तो नावं सांगेल.

तेव्हा संपादक महोदय, माझी मागणी अशी. या गणेशोत्सवापासून आपल्या पत्रात कोणत्याही मखराचं, मूर्तीचं, गौरीच्या मुखवट्याचं, कंदिलाचं छायाचित्र आलं तर त्याखाली ते करणाऱ्याचं नाव यावं. बातमीदारांना आणि छायाचित्रकारांना तशी सूचना द्यावी. मंडळाचं प्रसिद्धिपत्रक आलं आणि त्यात कारागिराचं नाव नसेल तर एक फोन करून विचारावं. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुम्हीही हे पत्र वाचत असाल, तर जाहिरातदारांच्या फलकांच्या रांगेत हातभर जागा ठेवा आणि त्यावर मूर्तिकार, मखरकार, रोषणाई करणारे यांची नावं ठळक लिहा. रंगारी तुमच्याच गल्लीत मिळेल.

माझ्या शेजाऱ्यांचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, कोणा बाईंच्या शिफारशीत नाव नको, यायचं तर कामाखाली येऊ दे. म्हणून त्यांचं आणि त्यांच्या सोबत चिकटवायचं काम करणाऱ्या बायकांचं नाव-पत्ता वेगळ्या बंद पाकिटात जोडला आहे, तो फक्त आपल्यासाठी. यंदाचं मखर चतुर्थीच्या दोन दिवस आधी मंडपात जाईल. त्यात विठ्ठलाच्या गाभाऱ्याचे खांब आहेत, सगळे चुणीचे. आपल्या छायाचित्रकारांना त्याआधी पाठवायचं असेल तर सकाळी नऊच्या सुमारास पाठवा, तेव्हा खिडकीतून तिरपा उजेड येतो आणि खांबांच्या चुण्या स्पष्ट दिसतात. दुपारी पावसाची झड आत येते म्हणून खिडकीवर ताडपत्री ओढलेली असते. जिना अरुंद आहे, मोठी बॅग असेल तर खालीच माझ्या नावाने हाक मारावी, मी येईन.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
लालबाग, मुंबई